आपले रग्बीपटू कशात कमी पडतात?

प्रश्न असा आलाय: भारतात रग्बी दीडशे वर्षं खेळतात, तरी पुरुषांचा पंधरा जणांचा राष्ट्रीय संघ आशियातल्या वरच्या गटातही का दिसत नाही? आपली शरीरंच कमी पडतात का? यावर काही उपाय आहे का? आणि शेवटी, विचारणाऱ्यांचा मुलगा 13 वर्षांचा आहे, बारीक चणीचा. त्याला या खेळात घालावं का?

मी पुण्यात वीस-बावीस वर्षं फॉरवर्डना, म्हणजे स्क्रम करणाऱ्या पुढच्या आठ जणांना, शिकवतोय. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून, एकमेकांत अडकून चेंडूसाठी रेटतात ते. त्याआधी हूकर म्हणून खेळलो, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या फळीत मधोमध. डाव्या कानाची पाळी अजून जाड आहे, थंडीत मान आखडते. त्यामुळे हे उत्तर फॉरवर्डच्या नजरेतून येणार, हे आधीच सांगतो. बॅकमध्ये, म्हणजे मागच्या धावणाऱ्या फळीत, खेळलेला माणूस कदाचित दुसऱ्या टोकानं सुरुवात करेल.

आधी शरीराचा मुद्दा, कारण प्रत्येक पालक तो काढतो आणि दुर्दैवानं काही निवडकर्तेही. 4 जून 1995 ला दक्षिण आफ्रिकेत, ब्लूमफाँटेनला, न्यूझीलंडनं विश्वचषकात जपानला 145-17 असं हरवलं. तेव्हाही सगळे हेच म्हणाले, ही ठेंगणी माणसं, यांचा हा खेळ नव्हे. 19 सप्टेंबर 2015 ला ब्रायटनमध्ये त्याच जपाननं दक्षिण आफ्रिकेला 34-32 असं हरवलं. शेवटच्या क्षणी पेनल्टीवर किक मारून बरोबरी साधता आली असती, पण त्यांनी स्क्रम मागितला आणि ट्राय करून, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवून, सामना जिंकला. ज्या स्क्रममध्ये आपण लहान पडतो असं लोक म्हणतात, तोच त्यांनी मागून घेतला. 2019 मध्ये विश्वचषक जपानमध्येच झाला, तेव्हा त्यांनी आयर्लंड आणि स्कॉटलंड दोघांनाही हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. वीस वर्षांत कुठल्या देशाची उंची एवढी वाढत नाही. त्यांनी टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, खाली आणला, चेंडू जमिनीवरून सेकंदात मोकळा करायला शिकले, आठ जणांचा स्क्रम बुटका आणि घट्ट बांधला आणि दम इतका वाढवला की शेवटची वीस मिनिटं त्यांची झाली.

जपान लांबचा वाटत असेल तर श्रीलंकेकडे पाहा. आपल्यासारखीच माणसं, आपल्यासारखाच भात, आपल्यासारखंच हवामान. लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आसपास, म्हणजे मुंबई महानगराएवढी. 2025 मध्ये श्रीलंका आशियाच्या पहिल्या गटात हाँगकाँग, कोरिया आणि अमिरातीबरोबर खेळली, आपण खालच्या गटात. त्यांच्याकडे असं काय आहे जे आपल्याकडे नाही? शाळा. कोलंबोचं रॉयल कॉलेज आणि कँडीचं ट्रिनिटी कॉलेज यांच्यात 1945 पासून ब्रॅडबी शील्ड खेळली जाते. दोन सामने होतात आणि दोन्हींचे गुण एकत्र धरतात. जुने विद्यार्थी त्यासाठी परदेशातून येतात. सोळा वर्षांच्या पोराच्या हातून चेंडू सुटला तर हजारो माणसं हळहळतात. त्या दडपणात उभा राहिलेला मुलगा पुढे देशाकडून खेळताना बिचकत नाही.

आता आपली दीडशे वर्षं. 1872 च्या नाताळात कोलकात्यात सामना झाला, पुढच्या वर्षी कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला, काही वर्षांत तो बंद पडला. बँकेतले चांदीचे रुपये वितळवून सभासदांनी एक चषक घडवला. नागाच्या फण्यांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला तो कलकत्ता कप 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड खेळतात. चषक तिकडे गेला आणि खेळ इकडे जिमखान्यांच्या कुंपणाआड आणि लष्कराच्या छावणीत राहिला. 1924 पासून अखिल भारतीय स्पर्धा होत आली, पण भारताचा संघ आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरायला 1998 उजाडलं. म्हणजे खेळ दीडशे वर्षांचा असला तरी संघ अजून तिशीतही नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पाया कुठे घालायचा राहून गेला ते यावरून कळतं.

माझ्या मते खरं दुखणं एकच आहे. आपला खेळाडू भारताची जर्सी घालतो तेव्हा त्याच्या अंगावर सामने फार कमी असतात.

माझ्याकडे वह्या आहेत. प्रत्येक मुलाची किती मिनिटं झाली, किती टॅकल झाले, कुठे लागलं, सगळं लिहून ठेवतो. त्यातल्या एका प्रॉपचा, म्हणजे पहिल्या फळीत हूकरच्या बाजूला खेळणाऱ्याचा, हिशोब सांगतो. सोलापूरकडचा मुलगा, 19 व्या वर्षी कबड्डी सोडून माझ्याकडे आला. बैलासारखी ताकद आणि शिकायची आच. 24 व्या वर्षी त्याला राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं, तेव्हा मी पानं उलटून पाहिली. पूर्ण 80 मिनिटांचे, पंधरा जणांचे सामने त्यानं खेळले होते 31. पाच वर्षांत एकतीस. श्रीलंकेतला चांगल्या शाळेतला मुलगा एवढे सामने शाळा सोडायच्या आधी खेळून मोकळा होतो. त्याच्यासमोर माझा पोरगा उभा राहणार होता. ताकदीत बरोबरी होती, कदाचित एखाद वीस किलो जास्तच उचलत असेल. पण स्क्रममध्ये समोरच्यानं उजवा खांदा दोन बोटं खाली नेला की आपण काय करायचं, हे वजनं उचलून कळत नाही.

ज्यांनी स्क्रम फक्त टीव्हीवर पाहिलाय त्यांना ती रेटारेटी वाटते. आत काय होतं ते सांगतो. रेफरी म्हणतो ‘क्राउच’, तुम्ही वाकता, पाठ टेबलासारखी सपाट. ‘बाइंड’, बाहेरच्या हातानं समोरच्याची जर्सी धरता. ‘सेट’, आणि दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांत शिरतात. त्या क्षणी तुमच्या मानेवर आणि खांद्यावर पंधरा-सोळाशे किलोंचा खेळ चाललेला असतो. पाय मागे गेले तर तोंडावर पडाल, फार पुढे आले तर जोर लागणार नाही. गुडघा काटकोनाच्या थोडा पुढे उघडलेला हवा, टाचा वर, चवड्यांवर भार. समोरचा आत घुसतोय का, खाली खेचतोय का, हे डोळ्यांनी दिसत नाही, मानेच्या कातडीला कळतं. ते कळायला शेकडो स्क्रम लागतात, तेही वेगवेगळ्या माणसांविरुद्ध. आपल्याकडे देशभरात खऱ्या अर्थानं तयार झालेले प्रॉप इतके थोडे आहेत की सरावात एकच जोडी वर्षभर एकमेकांना भिडते. एकाच पैलवानाबरोबर वर्षभर लढून कुणी फडात उतरतं का?

याला भर घातली सेव्हन्सनं. सेव्हन्स हा सुंदर खेळ आहे. सात जण, सात-सात मिनिटांचे दोन भाग, नुसता वेग. 2016 पासून तो ऑलिंपिकमध्ये आला आणि सरकारी पैसा, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, प्रमाणपत्रं सगळं त्याच्या मागे गेलं. मुलगा शहाणा असतो. नोकरीतलं खेळाडूंचं आरक्षण ज्या प्रमाणपत्रावर मिळतं तोच खेळ तो खेळणार, त्याला दोष कसा द्यायचा? पण सेव्हन्सच्या स्क्रममध्ये तीन विरुद्ध तीन असतात आणि तो दोन सेकंदांत संपतो. तिथे 115 किलोच्या प्रॉपला जागाच नाही. त्यामुळे जाडजूड, मंद पण भक्कम असा जो मुलगा पंधरा जणांच्या खेळाचा कणा होऊ शकतो, त्याला आपण दारातूनच परत पाठवतो. जून 2025 मध्ये अंधेरीच्या मैदानात रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघ, चेन्नई बुल्स जिंकले. आपल्या मुलांना जगातल्या उत्तम खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळता आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. तोही खेळ सात जणांचाच. पंधरा जणांच्या संघाचं दुखणं त्यानं बरं होणार नाही, तशी अपेक्षाही धरू नये.

दुसरं कारण कुणी फारसं बोलत नाही: मैदान. ऑक्टोबर उलटला की आपल्याकडची बहुतेक मैदानं फरशीसारखी होतात. मुरूम, खडे, मध्ये क्रिकेटची खेळपट्टी. अशा जमिनीवर पडलं की कोपर आणि मांडीची सालटी निघतात, जखम चिघळते, आई विचारते हा कसला खेळ. मग प्रशिक्षक काय करतो? टॅकलचा सराव टाळतो. पासिंग घेतो, पळवतो, उभ्या उभ्या नुसतं धरायला सांगतो. वर्षातले आठ महिने असे जातात आणि मुलगा पडायला शिकतच नाही. रग्बीत सगळ्यात आधी शिकायची गोष्ट पडणं. खांदा वळवून, हनुवटी छातीला लावून, चेंडू दोन्ही हातांत धरून, आणि पडल्यावर अंग लांब करून तो आपल्या बाजूला ठेवायचा. एका सामन्यात शंभर-दीडशे वेळा हे होतं. दर वेळी आपला चेंडू एक सेकंद उशिरा सुटला तर समोरचा बचाव दर वेळी आवळून उभा राहतो. मग लोक म्हणतात आपल्या बॅकना जागा सापडत नाही. ती जागा दोन पावलं आधी जमिनीवरच हरवलेली असते.

मुंबईच्या जुन्या खेळाडूंनी रग्बीचा मोसम पावसाळ्यात ठेवला होता, त्याला हे कारण होतं. बॉम्बे जिमखान्यावर चिखलात खेळलेली माणसं टॅकलला घाबरत नाहीत. मी स्वतः उन्हाळ्यात मुलांना तालमीत नेतो. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली लाल माती. तिच्यावर चाळीस वेळा पडलं तरी अंगाला ओरखडा नाही. वस्तादांना सुरुवातीला वाटलं चेंडू घेऊन ही पोरं काय करणार. दुसऱ्या आठवड्यात तेच काठावर उभे राहून ‘हनुवटी आत घे रे’ म्हणून ओरडायला लागले.

कबड्डी आणि कुस्तीतून मुलं घ्या, असं सगळे सांगतात. मीही घेतो. पण त्यातला धोका सांगायला हवा. कबड्डीपटू घोटा धरायला समोरून सूर मारतो. रग्बीत तसं केलं तर धावणाऱ्याचा गुडघा थेट कानशिलावर बसतो. आपलं डोकं त्याच्या अंगामागे हवं, गाल त्याच्या कुल्ल्याला टेकलेला, आणि पाय टॅकलनंतरही चालत राहायला हवेत. कबड्डीत माणूस थांबवला की काम झालं, इथे पाडला की काम सुरू होतं. कुस्तीगिराची अडचण वेगळी. त्याच्या मानेसारखी मान दुसरी नाही, पण पकड सोडायची नाही हे त्याच्या रक्तात असतं. रग्बीत पाडलेल्या माणसाला लगेच सोडावं लागतं, उठून पायावर उभं राहिल्याशिवाय चेंडूला हात लावता येत नाही. कोल्हापूरचा एक मल्ल माझ्याकडे आला, त्याच्या पहिल्या पाच सामन्यांत त्याच्यावर याच एका चुकीसाठी प्रत्येक वेळी पेनल्टी झाली. ही सवय मोडायला मला दीड वर्ष लागलं. सोळाव्या वर्षी आला असता तर दोन महिन्यांत मोडली असती.

इथे रेफरींचाही विषय येतो. आपल्या स्थानिक सामन्यांत चेंडूवर लोळणाऱ्याला, बाजूनं घुसणाऱ्याला रेफरी बऱ्याचदा सोडून देतात, खेळ चालू राहावा म्हणून. हेतू चांगला असतो. पण तोच मुलगा परदेशात गेला की पहिल्या दहा मिनिटांत चार पेनल्टी देतो, आणि समोरचा संघ किकच्या जोरावर आपल्याला आपल्याच अर्ध्यात कोंडून ठेवतो. दुबईला किंवा कोलंबोला जशी शिट्टी वाजते तशीच ती पुण्यात वाजली पाहिजे, भले सुरुवातीचे सामने रटाळ होवोत.

एक दुखरी गोष्ट सांगतो, नावं घेत नाही. माझा एक मुलगा फ्लँकर होता, म्हणजे स्क्रमच्या कडेला खेळणारा, उत्तम. एका स्पर्धेआधी दहा दिवस त्याला सांगितलं गेलं, हूकर कमी आहेत, तू हूकर हो. दहा दिवसांत. चेंडू मैदानाबाहेर गेला की होणाऱ्या लाइनआउटमध्ये तो सरळ आत फेकायला मला स्वतःला दोन मोसम लागले होते. तो गेला, सांगितलं ते केलं, पहिल्याच सामन्यात मान दुखावून परत आला. पुढे वर्षभर खेळला नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. देशात तिसरा हूकरच नव्हता, एवढंच कारण. पण पहिल्या फळीत अननुभवी माणूस उभा करणं हा जिवाशी खेळ आहे. असा प्रसंग आला तर विनारेट्याचा स्क्रम मागावा, हरावं, पण पोराची मान पणाला लावू नये.

मग करायचं काय? माझ्या हातात सूत्रं असती तर मी सगळ्यात आधी शिबिरं कमी करून तो पैसा सामन्यांत घातला असता. तीन आठवड्यांच्या शिबिरात संघ तंदुरुस्त होतो, निर्णय घ्यायला शिकत नाही. 65 व्या मिनिटाला, पाय जड झालेले असताना, आपल्या 22 मीटर रेषेच्या आत, म्हणजे आपल्याच गोलरेषेजवळ, चेंडू मिळाला तर लाथाडायचा की हातातून न्यायचा, हे फक्त सामना शिकवतो. मुंबई आणि पुणे, कोलकाता आणि भुवनेश्वर, दिल्ली आणि हरियाणा अशा जोड्या जवळ आहेत. जोडीतल्या प्रत्येक ठिकाणी चार संघ धरले तरी घरी-बाहेर मिळून मुलाला मोसमात बारा-चौदा सामने मिळतील, आणि खर्च बहुतेक रेल्वेच्या तिकिटाचा आणि डाळ-भाताचा. विमानानं एकदा सगळ्यांना गोळा करून चार दिवसांत तीन सामने उरकण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. त्यावर वर्षातून एकदा श्रीलंकेचा दौरा. तिथल्या क्लबांशी खेळायचं, हरायचं, पुढच्या वर्षी परत जायचं. हरण्याची लाज वाटून आपण तगड्यांशी खेळणं टाळतो, ते थांबायला हवं.

दुसरं, पहिल्या फळीची वेगळी शाळा. देशभरातून 16 ते 20 वयाची तीस जाड, बुटकी, मानेनं भक्कम मुलं निवडा, वर्षातून चार वेळा दहा-दहा दिवस एकत्र आणा आणि एकमेकांविरुद्ध स्क्रम करू द्या. 19 वर्षांखालच्या नियमांत स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त रेटता येत नाही, त्यामुळे या वयात तंत्र शिकायला जागा मिळते आणि मान सांभाळली जाते. पाच वर्षांत त्यातले आठ तयार झाले तरी आपल्या संघाचा चेहरा बदलेल.

कुंपण उघडलं की काय होतं याचे दाखले आपल्याकडेच आहेत. बॉम्बे जिमखान्यावर सराव चालायचा तेव्हा समोर फॅशन स्ट्रीटवर राहणारी मुलं कुंपणाबाहेरून बघायची. तिथे खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसींनी त्यांना आत बोलावलं, आणि त्यातून 1999 मध्ये मॅजिक बस ही संस्था उभी राहिली. कोलकात्याच्या जंगल क्रोजनं वस्त्यांमध्ये आणि चहाच्या मळ्यांत हेच केलं, भुवनेश्वरच्या किस संस्थेनं आदिवासी मुलामुलींसाठी केलं.

आणि मुलींकडे बघा. त्यांचा पंधरा जणींचा संघ पहिल्यांदा 2018 मध्ये सिंगापूरला उतरला. वर्षभरात, जून 2019 मध्ये, मनिलात त्यांनी सिंगापूरला 21-19 असं हरवलं, ओडिशाच्या सुमित्रा नायकच्या पेनल्टीवर. बिहारच्या स्वीटी कुमारीची त्याच वर्षी महिला रग्बीला वाहिलेल्या स्क्रमक्वीन्स या संकेतस्थळानं जगातली सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून निवड केली. आमच्या पुण्याच्या डॉ. वाहबिझ भरुचा यांनी देशाचं कर्णधारपद सांभाळलं. आशियात बाईमाणसाचं रग्बी बहुतेक ठिकाणी नवं आहे, त्यामुळे मुलींना पन्नास वर्षांचं अंतर तोडावं लागत नाही. शरीराचा मुद्दा काढणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता तुमचा मुलगा. तेरा हे चांगलं वय आहे. बारीक आहे म्हणून थांबवू नका. पंधरात स्क्रम-हाफला, म्हणजे स्क्रममधून चेंडू काढून पुढे देणाऱ्याच्या जागेला, चपळ आणि बडबड्या मुलगाच लागतो, आणि कोण सोळाव्या वर्षी कसा वाढेल हे आत्ता कुणी सांगू शकत नाही. पहिले दोन-तीन महिने बिनटॅकलचा टॅग रग्बी आणि जोडीला नुसतं पडायला शिकणं, आधी गुडघ्यांवरून, मग चालत, मग पळत. प्रशिक्षकाला एक प्रश्न जरूर विचारा: डोक्याला मार बसला तर तुम्ही काय करता? ‘त्याच क्षणी बाहेर काढतो आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय परत घेत नाही’ एवढंच उत्तर बरोबर. ‘पाणी मारतो, बघतो’ म्हणाला तर मुलाला घेऊन घरी या. बूट फुटबॉलचे चालतील, फक्त स्टडला धार नको. माउथगार्ड मात्र पहिल्या दिवसापासून हवा, गरम पाण्यात घालून दातांवर बसवतात तो. आणि पाठवायचंच असेल तर जूनच्या शेवटी पाठवा, पहिला पाऊस जमिनीत मुरला की.